डोंगरात वाट दाखवायला मोबाइल पुरेल की वेगळे जीपीएस यंत्र हवे?

धुक्यातून उतरताना मी फोन काढला, सकाळी चढताना नोंदवलेली वाट उघडली, तर नकाशावर एक सरळ रेघ. जवळजवळ दीड किलोमीटरची, फूटपट्टीने आखल्यासारखी. चढताना आम्ही चांगले चार वळसे घेतले होते, त्यांचा पत्ताच नव्हता. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने मधेच अ‍ॅप परस्पर बंद केले होते. पुढे कधीतरी मी स्क्रीन उघडली तेव्हा ते जागे झाले आणि जुना बिंदू नव्याला सरळ जोडून मोकळे झाले. त्या रेघेच्या मागे गेलो असतो तर कड्याच्या काठावर पोचलो असतो. कागदी नकाशा सोबत होता म्हणून उतरायची सोंड ओळखता आली आणि उजेड असेतो खाली आलो.

त्या दिवशी फोनचे जीपीएस अगदी व्यवस्थित चालू होते. आम्ही कुठे उभे आहोत हे तो काही मीटरांच्या फरकाने सांगत होता. घात केला तो वाट नोंदवण्याच्या कामात. तेव्हापासून ‘फोन घेऊ की यंत्र?’ असे कोणी विचारले की मी अचूकतेच्या आकड्यांकडे नंतर वळतो. आधी विचारतो, दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत, दमलेले असताना, ओल्या हातांनी, यातले काय तुमच्यासाठी चालू असेल? निवड तिथून करायची.

दोघांचे उपग्रह एकच

एक गैरसमज आधी दूर करू. वेगळ्या यंत्राचे उपग्रह वेगळे नसतात. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू या यंत्रणांचे संदेश आजचे बहुतेक फोनही ऐकतात आणि यंत्रेही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि जागा व उंची दोन्ही काढायला किमान चार उपग्रहांचा संदेश मिळावा लागतो. आकाश मोकळे असेल तर साधा स्मार्टफोनही साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. पायवाट शोधायला एवढे भरपूर झाले.

फरक पडतो तो दाट झाडीत, अरुंद घळीत आणि उंच कड्याच्या पायथ्याशी. तिथे संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो, आणि तुम्ही ओढ्याच्या या काठावर असताना बिंदू पलीकडच्या काठावर दिसतो. यंत्राचा अँटेना मोठा असल्याने ते अशा ठिकाणी थोडे बरे टिकते. दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी यंत्रे आणि फोन (असे फोन २०१८ पासून येऊ लागले) हा परावर्तनाचा घोळ बराच कमी करतात. तरी सांगतो, केवळ अचूकतेसाठी कोणी वेगळे यंत्र घेऊ नये.

दुसरा गैरसमज रेंजचा. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालते, कारण फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, फक्त त्यांचे ऐकतो. रेंज असली तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते, म्हणून सुरुवात लवकर होते एवढेच. रेंज नसेल तर हीच माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाचा नेमका ठावठिकाणा ३० सेकंदांत कळतो, पण सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून यंत्र असो वा फोन, लांबचा प्रवास करून पायथ्याशी पोचलात की मोकळ्यावर उभे राहून ते चालू करा आणि जागा स्थिर होईपर्यंत चालायला लागू नका. झाडीत शिरल्यावर चालू केले तर ते बराच वेळ चाचपडत राहते.

पहिली पायरी: वाईटात वाईट दिवस कागदावर मांडा

दुकानात जाण्याआधी किंवा अ‍ॅप उतरवण्याआधी पुढच्या वर्षभरात तुम्ही खरोखर करणार आहात ते ट्रेक लिहून काढा. स्वप्नातले नव्हेत, खरे. त्यातला सगळ्यात अवघड दिवस निवडा आणि त्याच्याबद्दल लिहा: चार्जिंगशिवाय किती तास काढायचे आहेत? पाऊस किंवा बर्फ मिळेल का? तापमान शून्याखाली जाईल का? वाट मळलेली आहे, की ढोरवाटांच्या जाळ्यातून आपली वाट शोधायची आहे? रेंज शेवटची कुठे सुटते? आणि सोबत कोण आहे, म्हणजे तुम्ही पडलात तर तुमचा फोन दुसऱ्या कोणाला वापरता येईल का?

हा कागद हातात असला की निम्मा निर्णय झालेला असतो. एका दिवसाचा, मळलेल्या वाटेचा, चार जण सोबत असलेला ट्रेक असेल तर फोनच घ्या आणि ‘फोनच वापरणार असाल तर’ या भागाकडे वळा. उत्तरे याहून अवघड आली असतील तर सगळे वाचा.

दुसरी पायरी: बॅटरीचा हिशोब करा

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेक फजिती इथेच होते.

नवा फोन विमान मोडमध्ये, स्क्रीन बंद ठेवून वाट नोंदवत असेल तर दिवसभर सहज टिकतो. बॅटरी खातात त्या दोन गोष्टी. एक स्क्रीन. दुसरी रेंजचा शोध: सिग्नल अंधुक असला की फोन जास्तीत जास्त ताकद लावून टॉवर धुंडाळत राहतो. डोंगरात नेमकी हीच स्थिती असते. विमान मोड लावला की हा शोध थांबतो आणि आजच्या फोनमध्ये जीपीएस चालूच राहते. काही जुन्या फोनमध्ये तेही बंद होते, म्हणून घरीच तपासून घ्या.

पॉवर बँकेवरचा आकडा वाचताना गडबड होते. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असे वाटते. तसे होत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे एकूण साठा ३७ वॉट-तास. फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात. व्होल्टेज बदलताना आणि चार्ज होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. हाती उरते ती साधारण दीड वेळची भर. थंडीत त्याहूनही कमी. तीन-चार दिवसांच्या ट्रेकला हिशोब याच आकड्याने करा.

यंत्राकडे या. गार्मिन या कंपनीचे ईट्रेक्स २२एक्स हे यंत्र दोन एए सेलवर २५ तास चालते आणि जीपीएसमॅप ६७ एका चार्जिंगमध्ये १८० तासांपर्यंत, असे कंपनीचे आकडे आहेत. कंपनीचे आकडे चांगल्या हवेतले असतात, म्हणून मी त्यातले एक तृतीयांश वजा करून चालतो. तरीही फोनच्या तुलनेत ही वेगळीच दुनिया आहे. सेलवर चालणाऱ्या यंत्राची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट तर आकड्यात मावत नाही: सेल संपले की नवे घाला, मिनिटाभरात यंत्र पूर्ण भरलेले. तासभर केबल जोडून बसायला नको.

थंडीत फरक आणखी वाढतो. आयफोनसाठी अ‍ॅपलने सांगितलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. शून्याखाली फोन २०-३० टक्के बॅटरी दाखवत असतानाच अचानक बंद पडू शकतो. एकदा वापरून टाकायचे लिथियम एए सेल मात्र उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. बर्फात जाणाऱ्यांनी केवळ या एका कारणासाठी सेलचे यंत्र घेतले तरी ते योग्य ठरेल.

आणि बॅटरीबाबत सगळ्यात महत्त्वाचे. वाट दाखवणे आणि मदतीसाठी फोन करणे ही दोन्ही कामे एकाच बॅटरीवर असली की पहिले काम दुसऱ्याचा घास खाते. वाट चुकलेला माणूस दर पाच मिनिटांनी नकाशा उघडतो, आणि ज्याला मदत लागणार आहे तोही बहुधा तोच असतो. वेगळे यंत्र घेण्याचे सर्वात भक्कम कारण हेच आहे: फोन पिशवीत, बंद, भरलेला राहतो.

तिसरी पायरी: ओल्या हातांनी वापरून पाहा

घरी न्हाणीघरात एक प्रयोग करा. फोनवर पाण्याचा बारीक फवारा मारा, बोटे ओली करा आणि नकाशा मोठा करून एखाद्या ठिकाणी खूण टाकून दाखवा. पाण्याचे थेंब स्क्रीनला बोटांसारखेच वाटतात. नकाशा आपोआप सरकतो, भलतेच बटण दाबले जाते, पुसावे तर आणखी पसरते. आता हेच मुसळधार पावसात, गार पडलेल्या बोटांनी करायचे आहे असे समजा. हातमोजे असले तर ते काढावे लागतात, आणि जोराच्या वाऱ्यात काढलेला मोजा पुन्हा मिळेलच असे नाही.

बटणांचे यंत्र इथे निर्विवाद सरस. न बघताही अंगठ्याने चालवता येते. यंत्राची स्क्रीनही निराळी असते. ती सूर्याचाच प्रकाश परावर्तित करते, म्हणून ऊन जितके कडक तितकी स्पष्ट. फोन मात्र उन्हात स्वतःचा उजेड वाढवत जातो, तापतो आणि बॅटरी संपवतो. यंत्रांतही स्पर्शाचे पडदे असतात, तेव्हा घेताना बटणे आहेत का ते पाहा.

फोन पाण्यात टिकतो असे लिहिलेले असते ते खरे आहे. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. पण ती चाचणी नव्या, धड फोनची आणि स्थिर पाण्यातली. पडून किंचित तडा गेलेल्या फोनला ती लागू नाही. शिवाय चार्जिंगच्या खाचेत पाणी गेले की बरेच फोन ओलावा आहे असे सांगून चार्जिंगच नाकारतात. पॉवर बँक भरलेली, फोन धडधाकट, आणि तरी काही करता येत नाही, हा प्रसंग पावसाळी ट्रेकमध्ये अगदी नेहमीचा आहे.

चौथी पायरी: नकाशा बघून ठरवा

नकाशाच्या बाबतीत फोन पुढे आहे. मोठा रंगीत पडदा, झटपट सरकणारा नकाशा, उपग्रह छायाचित्र, आणि ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स, लोकस मॅप यांसारखी अ‍ॅप्स, ज्यांत पूर्ण प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. यंत्राच्या छोट्या पडद्यावर पुढच्या तीन डोंगरांचा अंदाज घेणे जिकिरीचे असते. आखणी फोनवर किंवा संगणकावर करावी आणि जीपीएक्स फाइल (वाट आणि खुणा साठवणारी फाइल) यंत्रात टाकावी. ही फाइल दोन्हीकडे चालते.

दोन्हींना लागू असलेला एक इशारा. सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांवरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात. ते मोजमाप साधारण ३० मीटरच्या चौकोनांचे आहे. त्यात उभा कडा घासून उताराइतका सौम्य दिसतो. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटरचा असेल तर १५ मीटरचा कातळटप्पा नकाशावर उमटणारही नाही. तेव्हा ‘नकाशावर तर उतार दिसतोय’ एवढ्यावर कोणी अनोळखी घळीत उतरू नये.

उंची मोजण्याबद्दल थोडक्यात. उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीतली चूक आडव्या जागेतल्या चुकीपेक्षा मोठी असते. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असलेले यंत्र किंवा फोन असेल तर उंची अधिक नेमकी मिळते, पण ओळखीच्या उंचीवर ती जुळवून घ्यावी लागते. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की उंची ८ मीटरने वाढल्यासारखी दिसते. रात्रीत तुमचा तंबू ४० मीटर ‘वर चढला’ असेल तर दाब उतरला आहे, हवा बिघडायला लागली आहे. होकायंत्राचे म्हणाल तर चुंबक असलेले कव्हर किंवा चुंबकाने चिकटणारी पॉवर बँक फोनची दिशा बिघडवते. साधे सुईचे होकायंत्र खिशात ठेवाच.

मदत मागण्याचे साधन वेगळे

जीपीएस यंत्र म्हणजे संकटात संदेश पाठवणारे यंत्र, असे अनेकांना वाटते. साधे यंत्र कोणालाही काही कळवत नाही. त्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे असतात. गार्मिनची इनरीच मालिका इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालते आणि तिला वर्गणी लागते. ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाची खूण पाठवणाऱ्या बिकनला वर्गणी नसते, नोंदणी मात्र करावी लागते आणि ती एकदा चालू केली की किमान २४ तास खूण पाठवत राहते. काही फोनही आता उपग्रहावरून मदत मागू शकतात. आयफोन १४ वर ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये आधी अमेरिका आणि कॅनडात आली. ती सगळ्या देशांत नाही, आणि डोक्यावर मोकळे आकाश लागते. काही देशांत उपग्रहावरून बोलणारे साधन परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. जिथे जाणार आहात तिथला नियम सामान बांधण्याआधी बघा.

मग कोणी काय घ्यावे

माझे मत स्पष्ट आहे. वर्षाला चार-सहा एकदिवसीय ट्रेक करणाऱ्याने यंत्रावर पैसे घालू नयेत. त्याने चांगली पॉवर बँक, कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्यावे आणि फोन नीट लावायला शिकावे. दोन-तीन रात्रींचे ट्रेक, पण बऱ्या हवेत आणि सोबतीने, तर दोन वेगवेगळ्या माणसांच्या फोनमध्ये तोच नकाशा आणि तीच वाट ठेवा. दुसरा फोन हाच तुमचा आधार.

यंत्र घ्यावे ते बर्फात किंवा संततधारेत जाणाऱ्याने, एकट्याने फिरणाऱ्याने, चार दिवसांहून जास्त वीज नसलेल्या प्रदेशात राहणाऱ्याने आणि दुसऱ्यांना घेऊन जाणाऱ्याने. शेवटच्याला मी आग्रहाने सांगेन. दहा जणांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने नकाशा आणि संपर्क एकाच यंत्रावर ठेवणे बरे नाही.

जीपीएस घड्याळ हा मधला मार्ग वाटतो. वाट नोंदवायला आणि पाठीमागे यायला ते छान, पण मनगटाएवढ्या पडद्यावर नवी वाट शोधणे कठीण. त्याला पूरक समजा.

फोनच वापरणार असाल तर

१. नकाशा घरीच, वायफायवर उतरवा. फक्त वाटेचा नको, आजूबाजूच्या दऱ्यांचाही हवा, कारण वाट चुकलात की तुम्ही त्या दरीतच असता. उतरवल्यावर विमान मोड लावून तो भाग जवळून बघा. रिकामे चौकोन दिसले तर उतरवणे अर्धवट झाले आहे.

२. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. काही फोनमध्ये याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ किंवा पार्श्वभूमीत चालण्याची वेगळी परवानगी असते, तीही द्या. आयफोनवर स्थानाची परवानगी आणि ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू आहे का पाहा. माझ्या त्या सरळ रेघेचे मूळ याच सेटिंगमध्ये होते.

३. विमान मोड लावून, स्क्रीन बंद करून, फोन खिशात टाकून ओळखीच्या भागात तासभर चाला. घरी येऊन नोंदलेली रेघ बघा. प्रत्येक वळण उमटले आहे का? नसेल तर याच यादीतल्या मुद्दा २ वर परत.

४. तासाभरात किती टक्के बॅटरी गेली ते लिहून ठेवा. ट्रेकच्या तासांनी गुणा. उत्तर ६० च्या वर गेले तर पॉवर बँकेशिवाय निघू नका.

५. थंडीत फोन आतल्या कपड्यात, अंगाला लागून ठेवा. पावसात झिपची पिशवी, आणि केबल वेगळ्या कोरड्या पिशवीत. फोनला दोरी बांधून ती पट्ट्याला अडकवा.

यंत्र घेणार असाल तर

हातात घेऊन बघा. हातमोजे घालून बटणे दाबता येतात का, उन्हात पडदा वाचता येतो का, या दोन गोष्टी पत्रकात कळत नाहीत. सेल कोणते लागतात ते पाहा. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, म्हणून सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर बॅटरीची खूण खोटे बोलते. यंत्रासोबत आलेला मूळ नकाशा बहुधा ढोबळ असतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून केलेले तपशीलवार नकाशे मोफत मिळतात आणि अनेक यंत्रांत टाकता येतात. ते आधीच टाका. आणि खूण टाकणे, आलेल्या वाटेने परत नेणे, अक्षांश-रेखांश वाचणे ही तीन कामे अंधारात, टॉर्चशिवाय जमेपर्यंत घरी सराव करा.

वाटेवर

पायथा, पाण्याची जागा, वाट फुटते ते ठिकाण आणि मुक्काम, इथे थांबून खूण टाका. नोंदलेली रेघ बिघडली तरी या खुणा राहतात. नकाशा ठरावीक वेळी बघा, दर वळणावर नको. आणि बघाल तेव्हा समोरच्या डोंगराशी ताडून बघा: उजवीकडे ओढा असायला हवा, तो आहे का?

मदतीसाठी जागा कळवायची वेळ आली तर अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीत आहेत ते स्पष्ट सांगा. ‘४५ दशांश ५०’ आणि ‘४५ अंश ५० मिनिटे’ यांत जमिनीवर सुमारे ३७ किलोमीटरचे अंतर पडते. पलीकडच्या माणसाकडून आकडे परत वदवून घ्या. निघण्याआधी सगळ्या गटाच्या उपकरणांवर एकच पद्धत लावलेली बरी.

परतल्यावर यंत्रातले सेल काढून ठेवा, महिनोन्महिने आत राहिलेले साधे सेल गळतात आणि आतले संपर्क गंजवतात. फोनमधली नोंदलेली वाट जीपीएक्स करून दुसरीकडे साठवा, आणि जिथे वाट फसवी होती तिथे दोन शब्द लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच फाट्यावर धुके असू शकते.